आधी कौलं शाकारून घे

पोरी, परवा फोनवर बोलता बोलता तू मधेच थांबलीस आणि मग हळूच विचारलंस, "मावशी, डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर बोलण्याची थेरपी सांगितली आहे. नुसतं बोलून हा आजार कसा हलणार गं?" इथे कामशेतला तेव्हा पाऊस असा कोसळत होता की तुझं निम्मं बोलणं कौलांवरच वाहून गेलं, पण एवढं मात्र ऐकू आलं. तुझ्या भावाचं निदान गेल्या दिवाळीतलं; माझ्या थोरल्याच्या निदानाला बावीस वर्षं होतील. हाच प्रश्न मीही विचारला होता, तोही त्याच्यादेखत, कपाळाला हात लावून. तू निदान दुसऱ्या खोलीत जाऊन विचारलास, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीस. आता वही घे. तुझं अक्षर मला ठाऊक आहे, म्हणून सावकाश सांगते.

१. आजाराचं नाव घरात मोकळ्या आवाजात घे, स्किझोफ्रेनिया — जे नाव आपण कुजबुजतो ते ऐकणाऱ्याला शिवीसारखं लागतं.

२. पुस्तकात याला छिन्नमनस्कता म्हणतात, म्हणून कुणी 'एका माणसात दोन माणसं' असं सांगू लागलं तर तिथेच थांबव — ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९०८ मध्ये हे नाव दिलं ते विचार, भावना आणि वागणं यांचा सांधा सैल होतो म्हणून. माणूस एकच असतो, आपलाच असतो.

३. 'पेशंट' हा शब्द जिभेवर बसू देऊ नकोस — पुण्याकडच्या स्वमदत गटांत आजारासह जगणाऱ्याला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि हाक बदलली की हाक मारणाऱ्याचा सूरही बदलतो.

४. गोळी आणि बोलणं यांच्यात भांडण लावू नकोस — गोळी भासांचा आणि संशयाचा जोर कमी करते, पण जे उरतं त्याच्यासोबत दिवस कसा काढायचा हे बोलण्यातूनच शिकावं लागतं. मी म्हणते, गोळीनं पाऊस उणावतो, कौलं मात्र माणसालाच शाकारावी लागतात.

५. बोलण्यानं बरं वाटू लागलं म्हणून गोळी आपल्या मनानं कमी करायची नाही. झोप फार येते, वजन वाढतं, हात थरथरतात, ते तारखेसह लिहून डॉक्टरांपुढे ठेव — औषध बदलता येतं, मात्रा बदलता येते, पण अचानक तोडलं की ओसरलेलं सगळं परत उसळतं.

६. औषध लिहून देणारे ते मानसोपचारतज्ज्ञ, बसून बोलणारे ते मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक. बोलायला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का आणि या आजाराच्या लोकांबरोबर आधी काम केलंय का, हे दोन्ही विचार — आपण इंद्रायणी तांदूळ घेतानासुद्धा चार दाणे हातावर घेऊन बघतो, इथे तर माणूस सोपवायचाय.

७. मोठ्या शहरातला महागडा दवाखानाच हवा असं नाही. तळेगावच्या मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आपल्या मावळातच आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय लोकलच्या टप्प्यात आहे — दर पंधरवड्याला जाता येईल असा जवळचा दवाखाना, वर्षातून दोनदा जमणाऱ्या नामवंतापेक्षा बरा.

८. पहिल्या दोन-तीन बैठकांत काही घडलं नाही असं वाटलं तर गप्प बस — तेव्हा फक्त विश्वास जमत असतो, आणि चिखलणी झाल्याशिवाय रोप धरत नाही.

९. बैठका मोजायच्याच असतील तर सोळापर्यंत मोज. इंग्लंडमधल्या नाइस नावाच्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शनात या आजारासाठी एकेकट्याच्या किमान १६ बैठका आणि घरच्यांसोबतच्या किमान १० बैठका सांगितल्या आहेत — दुसऱ्या बैठकीनंतर "काही फरक नाही" म्हणणारी मी होते आणि त्यात आमची चार वर्षं वाया गेली.

१०. 'मुळापासून बरं करतो' अशी हमी देणाऱ्याकडे चप्पल काढूच नकोस — बोलण्यानं किती फरक पडतो यावर डॉक्टरमंडळींतसुद्धा वाद आहेत, आणि जो खरा जाणकार असतो तो "प्रयत्न करू" एवढंच म्हणतो.

आता आत काय चालतं ते ऐक, कारण तुला वाटतं तसं ते प्रवचन नसतं. आमचा थोरला तेव्हा लोणावळ्याला कॉलेजला होता. स्टेशनवरच्या लाउडस्पीकरवरून आपलंच नाव पुकारतात आणि मग अख्खा फलाट आपल्याकडे वळून बघतो, असं त्याचं म्हणणं. मी काय केलं असेल? दंडाला धरून त्याला फलाटावर नेलं, बाकावर बसवलं आणि म्हटलं, "ऐक आता! कुठाय तुझं नाव?" पुण्याच्या लोकलची घोषणा झाली. मला पुण्याच्या लोकलची घोषणा ऐकू आली, त्याला त्याचं नाव ऐकू आलं. त्याच्या चेहऱ्यावर जी भीती मी पाहिली ती अजून डोळ्यांपुढे आहे. त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या दृष्टीनं त्या दिवशी आईसुद्धा त्या फलाटात सामील झाली होती.

चार-पाच वर्षांनी ज्या थेरपिस्ट बाईंकडे आम्ही जाऊ लागलो त्यांनी 'नाव पुकारत नाहीत' असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "नाव पुकारतात याची खात्री शंभरात किती?" तो म्हणाला, शंभर. मग विचारलं, "त्या दिवशी आधी काय काय झालेलं असतं?" आणि एक छोटी वही दिली. झोप किती, जेवला का, गर्दी किती, नाव किती वेळा आलं. तीन महिन्यांनी वहीनंच त्याला सांगितलं की रात्री जागरण झालं आणि शनिवार-रविवारची पर्यटकांची झुंबड असली की नाव जास्त येतं, आणि झोप झालेल्या मंगळवारी कधी कधी येतच नाही. पुकारणारे लोक मंगळवारी सुट्टीवर असतात का, असं त्यानंच एकदा बाईंना विचारलं. खात्री शंभरावरून साठावर आली. साठ म्हणजे शून्य नव्हे, पोरी. पण साठावर माणूस तिकीट काढून लोकलमध्ये बसू शकतो. आरन बेक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी, आपल्यावर पाळत आहे असं मानणाऱ्या एका माणसाशी याच वाटेनं बोलून पाहिलं आणि १९५२ मध्येच ते छापलं. वाट जुनी आहे. आपल्या दारापर्यंत यायला तिला वेळ लागला.

११. भासाशी वाद घालू नकोस आणि खोटी मानही डोलावू नकोस. एवढंच म्हण, "मला तो आवाज येत नाही, पण तुला येतोय आणि तू घाबरलायस, हे मला दिसतंय" — गोष्ट खरी की खोटी हा वाद हरता येतो, भीती मात्र खरीच असते.

१२. "काय म्हणाला आवाज?" हे एकदा, शांतपणे, कौतुक किंवा किळस न दाखवता विचार — नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टचे डॉक्टर रोम आणि त्यांच्या सहकारी सँड्रा एशर यांनी १९८७ पासून आवाज ऐकणाऱ्यांनाच एकत्र बसवून बोलतं केलं, तेव्हा कळलं की अनेकांना तोवर कुणी हा साधा प्रश्नच विचारला नव्हता.

१३. आवाजाला वेळ नेमून द्यायची युक्ती थेरपिस्टना विचारून करून बघा: "संध्याकाळी सात ते सव्वासात तुझं ऐकेन, आत्ता काम आहे" — दिवसभर ओट्यावर बसून राहणाऱ्या पाहुण्याला वेळ सांगितली की तोही थोडा वचकतो.

१४. प्रवासात आवाजाला मोठ्यानं उत्तर द्यावंसं वाटलं तर मोबाइल कानाला लावून बोलायचं, हे त्याला सांग — निम्मा डबा तसाच बोलत असतो, कुणी वळून बघत नाही.

१५. कानात अभंग, ओठांत गुणगुण, हातात काम, यातलं काय चालतं ते वहीत मांडा — एकाचा आवाज गाण्यानं निवतो, दुसऱ्याचा त्याच गाण्यानं चिडतो, म्हणून शेजारणीचा उपाय आपल्या घरी उसना आणू नये.

१६. थेरपिस्टच्या खोलीत त्याच्या वतीनं उत्तर देऊ नकोस, आणि बोलावलं नाही तर बाहेरच्या बाकावर बस. तुला वाक्य मधेच पूर्ण करायची लहानपणापासून सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगते — त्याला शब्द सापडायला वेळ लागतो, आणि सापडेपर्यंतची शांतता हीसुद्धा थेरपीच असते.

१७. आतलं बोलणं त्याचं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय, जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी — जी पेटी आई चोरून उघडते तिच्यात मुलगा पुन्हा काही ठेवत नाही.

१८. बैठकीचा वार आणि वेळ शक्यतो एकच धर, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळ — भुशी धरणाची गर्दी लोकलमध्ये शिरली की आपलं माणूस बैठकीआधीच थकून जातं.

१९. ज्या दिवशी पाणी भरून गाड्या बंद पडतील त्या दिवशी बैठक बुडाली असं म्हणू नकोस, थेरपिस्टशी फोनवर दहा मिनिटं तरी बोला. आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दोन्ही फोनमध्ये साठव — ऑक्टोबर २०२२ पासूनची ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.

आता घरातल्या बोलण्याकडे येते, कारण थेरपीचा तास आठवड्यात फार तर एक आणि घराचे तास सगळे उरलेले. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९५० आणि ६० च्या दशकांत एक बारीक गोष्ट टिपली. रुग्णालयातून सुधारून घरी गेलेली माणसं कुठल्या घरांत पुन्हा आजारी पडतात? जिथे सारखी टीका, राग, किंवा मग जीव गुदमरेल एवढी काळजी, तिथे जास्त. हे मला कुणी समजावून सांगितलं तेव्हा मी तीन दिवस जेवले नाही. कारण आमच्या घरात तिन्ही गोष्टी होत्या. वडिलांचा राग, काकांचे टोमणे, आणि माझी काळजी. तिशीच्या मुलाचा भात मी कालवून द्यायची, गं. फार शेकलेली भाकरीही करपतेच.

२०. एका दिवसाला एकच सूचना, तीही वागण्याबद्दल, स्वभावाबद्दल नाही. "तू असाच" ऐवजी "टॉवेल दोरीवर टाकशील का" — टोमणा मारायला क्षण लागतो आणि आजाराला तो महिनाभर पुरतो.

२१. दिवस-दिवस पडून राहणं हा आळस समजू नकोस — उत्साह आटणं, बोलणं कमी होणं, चेहरा कोरा होणं हा याच आजाराचा भाग आहे, आणि गोळी त्याला भासांइतकी लागू पडत नाही.

२२. म्हणून काम अगदी छोटं दे आणि रोज तेच दे: जास्वंदीला तांब्याभर पाणी, संध्याकाळी दिवा. आमचा थोरला पुढे गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये फुलं निवडायला जाऊ लागला, पहिले सहा महिने रोज दोनच तास — हाताला जी लय लागते ती डोक्यालाही हळूहळू लागते.

२३. स्वतःला दोष देणं आजच्या आज थांबव, आणि आईलाही थांबव. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइकमान या मोठ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 'आजार घडवणारी आई' असा शब्दच काढला होता आणि पुढे कितीतरी आया त्या शब्दाखाली चिरडल्या — ते मत मागे पडलं, संगोपनानं हा आजार होत नाही. पण आपल्याकडच्या बायकांना ते अजून कुणी कळवलेलं नाही. मलाही एका मोठ्या दवाखान्यात तोंडावर विचारलं होतं, "लहानपणी काय केलंत याला?"

२४. गांजा, दारू, याबाबत घरात कडक राहा आणि कारण सांगून राहा — गांजानं भास भडकतात, आणि नुसती बंदी घातली की तो लपवायला शिकतो.

२५. एकवीरेला जायचंय तर खुशाल जा, त्याला बरं वाटत असेल तर पायऱ्या चढताना हात धर, फक्त गोळ्यांची डबी पिशवीत असू दे. पण कुणी 'बांधून ठेवा, मारून भूत काढतो' म्हणालं तर तिथून उठ — २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि आईच्या दर्शनाला कुणी मार खायला जात नाही.

२६. तो बरा असताना त्याच्याच हातानं एक कागद लिहून घे: आजार वर येऊ लागला की आधी काय काय होतं. आमच्याकडे दोन रात्री झोप नाही, रेडिओ बंद आणि जेवण खोलीत, या तीन खुणा. रेशनकार्डाच्या डब्यात ठेव — आपण ओळखलेली खूण त्याला आरोप वाटते, त्यानंच लिहिलेली खूण त्याला आठवण वाटते.

२७. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्यात आजारपणात आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधी लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीनं बोलणारा माणूस नेमण्याचा हक्क आहे. तो कागदही त्याच वेळी कर — वादळ आल्यावर माळ्यावर चढून कौलं सरकवता येत नाहीत.

२८. मन फार खचलेलं दिसलं तर सरळ विचार, "जीव द्यावा असं मनात येतं का? आवाज तसं सांगतात का?" — विचारल्यानं तो विचार पेरला जात नाही, एकट्यानं वाहायचं ओझं मात्र कमी होतं. उत्तर हो आलं तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नकोस, शेतावरच्या फवारणीच्या औषधांना कुलूप लाव आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ. बरं वाटू लागल्यानंतरच्या महिन्यांतही हा प्रश्न विचारत राहा, कारण आजार काय होता आणि त्यानं काय नेलं, हे माणसाला तेव्हाच स्पष्ट दिसतं.

२९. तुझ्यासाठीही बोलायची एक जागा शोध. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता, आणि त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे शुभंकरांचे गट बसतात — पहिल्यांदा गेले तेव्हा मी एक शब्द बोलले नाही, तरी परत येताना पाठ हलकी झाली, कारण समोरची बाई माझंच वाक्य बोलत होती.

३०. घरच्यांना समजावून दमलीस तर सगळ्यांना एकत्र बसवून 'देवराई' हा सिनेमा दाखव, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, २००४ चा — त्यात अतुल कुलकर्णींचा शेष पाहून आमच्या काकांनी टोमणे मारणं बंद केलं, जे मला दहा वर्षांत जमलं नव्हतं.

३१. गावातली आशाताई, शाळेतले गुरुजी, किराणावाले काका, यांच्यापैकी दोघांना विश्वासात घे. साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत २८२ लोकांना घेऊन एक मोठा प्रयोग झाला, २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला: डॉक्टरांच्या जोडीला प्रशिक्षण दिलेले गावातलेच साधे कार्यकर्ते घरी जाऊन शुभार्थ्यांशी आणि घरच्यांशी बोलत राहिले. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण नुसत्या दवाखान्यापेक्षा बरा होता — घरापर्यंत चालत येणारं बोलणं टिकतं.

३२. आणि हे शेवटचं, येत्या मंगळवारसाठी. बैठक संपून तो बाहेर आला की "काय बोललात?" हा प्रश्न गिळून टाक. तुला तो गिळणं जड जाईल, म्हणून स्टेशनबाहेर भाजलेलं कणीस घे, दोन घे, तोंड भरलेलं असलं की विचारता येत नाही — तो आत्ताच तासभर आतलं काहीतरी उचलून आलेला असतो, लगेच दुसऱ्यांदा उचलायला लावू नये.

आम्ही असेच गप्प परत यायचो. चौदावी की पंधरावी बैठक असेल. वडगाव गेलं, कान्हे आलं, बाहेर भातखाचरं पाण्यानं भरलेली. तोवर तो नेहमी भिंतीला पाठ लावून, कोपऱ्यात बसायचा, कुणी मागून बघू नये म्हणून. त्या दिवशी कणसाचा बुरकुंडा हातात धरून म्हणाला, "आई, तू सरक. आज खिडकीशी मी बसतो."